चौदा अभंग, सतरा कोड आणि नौपाड्यातील एक जबाबदार सेवा

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा एक ध्वनिमुद्रण स्टुडिओ आहे. जुन्या कॅसेट आणि स्पूल टेपवरचा आवाज संगणकावर उतरवून देणे, तो स्वच्छ करणे आणि ती गाणी रीतसर प्रकाशित होईपर्यंतची कागदोपत्री कामे सांभाळणे, हे तेथील मुख्य काम आहे. साठीच्या घरातील एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी असे दोघे मिळून तो चालवतात. नाव छापू नका, आहे तेवढे काम आम्हाला पुरेसे आहे, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितल्यामुळे मी नाव देत नाही; परंतु ठाण्यात भजनी मंडळ, नाट्यसंगीताचा क्लास किंवा वाद्यवृंद चालवणाऱ्या कोणालाही विचारले तर पत्ता सहज मिळेल. २०२४ साली आमच्या मंडळाचे आणि माझ्या वडिलांच्या कॅसेटचे काम मी त्यांच्याकडे दिले होते. ध्वनिशुद्धीचे काम त्यांनी उत्तम केले, परंतु तसे काम करणारे मुंबई-ठाण्यात आणखीही आहेत. मला सविस्तर लिहायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल, ज्याची बहुतेक गायकांना आणि मंडळांना कल्पनाच नसते: प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळख म्हणून मिळणारा आयएसआरसी कोड आणि त्याची नोंद.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात नोकरी करीत आणि संध्याकाळी चरईतील भजनी मंडळ चालवीत. १९८८ ते १९९६ या काळात मंदिरात झालेल्या भजनांच्या अकरा कॅसेट आमच्या घरी होत्या. शब्द संतांचे, परंतु चाली बहुतेक अण्णांच्या स्वतःच्या. शेजारच्या काकांकडे टेपरेकॉर्डर होता आणि अण्णांच्या सांगण्यावरून ते तो मंदिराच्या खांबाशी ठेवून भजन मुद्रित करीत. या कॅसेटमधून निवडलेली चौदा ध्वनिमुद्रणे आम्हाला प्रकाशित करायची होती.

याआधीचा आमचा अनुभव वाईट होता आणि तो सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. २०२१ मध्ये मंडळातील आम्ही सध्याच्या सभासदांनी पाच अभंग नव्याने मुद्रित केले आणि एका मध्यस्थामार्फत निरनिराळ्या म्युझिक ॲपवर ठेवले. कोड म्हणजे काय हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. वर्षभराने त्या मध्यस्थाने गाणी ॲपपर्यंत पोहोचवणारी आपली वितरण सेवा बदलली, जुने पाचही अभंग उतरवले आणि नव्या सेवेतून पुन्हा चढवले, ते नवे कोड घेऊन. गाणे तेच, आवाज तोच, एका क्षणाचाही फरक नाही, तरी ॲपच्या दृष्टीने ती पाच नवी गाणी झाली. लोकांनी तोवर जितक्या वेळा ऐकले होते ते आकडे मागे राहिले आणि अनेकांनी आपल्या यादीत जपून ठेवलेले अभंग तेथे राखाडी रंगात, न वाजणारे दिसू लागले. त्याच सुमारास यातील एक अभंग आम्ही कार्यक्रमात गायलो होतो आणि त्याचे प्रत्यक्ष मुद्रणही त्याच मध्यस्थाने चढवले. त्याला मात्र स्टुडिओतील मुद्रणाचाच कोड लावला. एका ॲपवर कार्यक्रमातील मुद्रणावर बोट ठेवले की स्टुडिओतील मुद्रण वाजू लागे. जेथे एकच कोड हवा तेथे दोन आणि जेथे दोन हवेत तेथे एक, अशी दोन्ही बाजूंनी चूक झाली होती. मध्यस्थाला फोन केला तेव्हा गाणे वाजते आहे ना, मग अडचण काय, असे उत्तर मिळाले.

नौपाड्यातील स्टुडिओत पहिल्या भेटीत आमच्याशी गाण्यापेक्षा अधिक बोलणे कोडविषयी झाले. आयएसआरसी म्हणजे इंटरनॅशनल स्टँडर्ड रेकॉर्डिंग कोड. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ३९०१ क्रमांकाच्या मानकाद्वारे तो १९८६ मध्ये निश्चित केला आणि त्याचा जागतिक कारभार आयएफपीआय ही ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना पाहते. भारतात हे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडे आहे. कोडमध्ये एकूण बारा चिन्हे असतात. पहिली दोन इंग्रजी अक्षरे, त्यानंतर कोड घेणाऱ्याची ओळख सांगणारी तीन चिन्हे, मग वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि शेवटी पाच अंकी अनुक्रमांक. म्हणजे एका नोंदणीधारकाला एका वर्षात एक लाखापर्यंत ध्वनिमुद्रणांना कोड देता येतात. आमच्यासारख्या मंडळाला इतके सात जन्मांतही लागणार नाहीत. वाचायला सोपे जावे म्हणून मधे आडव्या रेघा घालतात, पण त्या कोडचा भाग नसतात.

हा कोड गाण्याला मिळत नाही, ध्वनिमुद्रणाला मिळतो, ही गोष्ट चालकांनी आम्हाला फार चांगल्या रीतीने समजावली. तुकोबांचा एखादा अभंग घ्या, असे ते म्हणाले. तो पन्नास गायकांनी गायला असेल तर पन्नास मुद्रणे, पन्नास कोड. एकाच गायकाने तोच अभंग पुण्यात एकदा आणि ठाण्यात एकदा गायला आणि दोन्ही प्रकाशित झाले, तर दोन कोड. उलट तेच मुद्रण आधी स्वतंत्र प्रकाशित झाले, पुढे अल्बममध्ये आले, आणखी पुढे आषाढीनिमित्त एखाद्या संकलनात गेले, त्याचे हक्क दुसऱ्या कंपनीने विकत घेतले, तरी कोड तोच राहतो. रचनेला, म्हणजे शब्द आणि चालीला, आयएसडब्ल्यूसी नावाचा वेगळा क्रमांक असतो आणि अल्बमला बारकोडचा आकडा वेगळा असतो. तिन्ही आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

आमच्या भाषेपुरते पाहिले तर या कोडची गरज आणखी ठळक होते. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजी लिपीत कोणी डी-एनने सुरू करतो, कोणी जे-एनने, कोणी जी-वायने. माउली, तुकाराम, विठ्ठल, कोणत्याही शब्दाचे एकच इंग्रजी रूप पाहायला मिळत नाही. भजनाचे शीर्षक म्हणून कोणी अभंगाची पहिली ओळ देतो, कोणी ध्रुपद, कोणी नुसतेच अभंग असे लिहून मोकळा होतो. गायकांची नावेही कधी आडनावासह, कधी बुवा किंवा महाराज जोडून येतात. नावावरून शोध घेऊन अमुक मुद्रण कोणाचे हे ठरवणे मराठी भक्तिसंगीतात जवळजवळ अशक्य आहे. नभोवाणी केंद्राने, ॲपने किंवा मानधन वाटणाऱ्या संस्थेने हिशेब ठेवायचा तर तो बारा चिन्हांच्या आधारेच नीट ठेवता येतो.

येथे एक तांत्रिक बाब सांगायला हवी. पुस्तकाच्या आयएसबीएन क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवर गणित करून काढलेला असतो. एखादा अंक लिहिताना चुकला तर संगणक लगेच ओळखतो. बारकोडचेही तसेच. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा अंकही पडताळणीसाठीच असतो. रचनेच्या आयएसडब्ल्यूसीतही असा पडताळणीचा अंक आहे. ध्वनिमुद्रणाच्या कोडमध्ये मात्र तो नाही. बारापैकी एका अंकाच्या जागी दुसरा अंक किंवा अक्षराच्या जागी दुसरे अक्षर पडले तरी जे तयार होते ते दिसायला पूर्णपणे बरोबरच असते; ते कदाचित दुसऱ्याच कोणाच्या मुद्रणाचे असते, आणि कोणतेही यंत्र तुम्हाला अडवत नाही. म्हणून या कामात कोड देणारा माणूस नोंद कशी ठेवतो यावर सर्व काही अवलंबून आहे, आणि या स्टुडिओची मी शिफारस करते ती त्यांच्या नोंदवहीमुळे.

ती वही लांबट, कापडी पाठीची, दुकानात जमाखर्चाला वापरतात तशी आहे. प्रत्येक मुद्रणाला एक ओळ. कोड, शीर्षक मराठीत, शीर्षक इंग्रजी लिपीत, गायक, साथीदार, मुद्रणाचे वर्ष आणि ठिकाण, लांबी मिनिटे-सेकंदांत, मूळ कॅसेट व तिची बाजू, आणि शेवटच्या रकान्यात हे मुद्रण दुसऱ्या कोणत्या मुद्रणाचे रूप आहे काय याची नोंद. कोड आधी वहीत लिहिला जातो, मग संगणकावर. सर्व ओळी भरल्या की स्टुडिओचालक वडील वहीतून मोठ्याने वाचतात आणि मुलगी पडद्यावरील प्रत्येक चिन्हाखाली बोट सरकवत जाते. त्या दिवशी मी शेजारीच बसले होते. आय, एन, मग आमची तीन चिन्हे, मग दोन, चार, मग शून्य, शून्य, शून्य, एक, एक, अशा संथ लयीत एकेक ओळ वाचली जात होती आणि प्रत्येक ओळ जुळली की पेन्सिलची बारीक खूण होत होती. सतरा ओळींना तासाभराहून अधिक वेळ लागला, कारण प्रत्येक ओळीला मुद्रणाची सुरुवात आणि शेवट वाजवूनही पाहिला जातो.

या वाचनातच माझी चूक सापडली. वितरण सेवेचा अर्ज घरी बसून मी भरला होता आणि तपासण्यासाठी त्यांना दिला होता. आमच्या मधल्या तीन चिन्हांत एक शून्य आहे. मी त्या जागी ओ हे अक्षर टाकले होते. अर्जाने ते बिनतक्रार स्वीकारले होते. मुलीने बोट थांबवले आणि म्हणाली, "ताई, हा ओ आहे. वहीत शून्य आहे." मग तिने एक साधी गोष्ट सांगितली जी मी तेव्हापासून सर्वांना सांगते आहे. पहिली दोन चिन्हे नेहमी अक्षरेच असतात आणि शेवटची सात नेहमी अंकच असतात, तेव्हा तेथे गोंधळ झाला तरी उलगडता येतो. धोका असतो तो मधल्या तीन जागांचा, कारण तेथे अक्षर आणि अंक दोन्ही चालतात. म्हणून वहीत त्या जागी शून्य असेल तर ते त्यावर तिरकी रेघ मारूनच लिहितात. माझ्या तक्त्यात आणखी एक दोष निघाला. मी अनुक्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवल्यामुळे संगणकाने पुढची शून्ये गाळून ००००७ चे नुसते ७ केले होते. संपूर्ण कोड एकाच रकान्यात, मजकूर म्हणून लिहावा, असे त्यांनी बजावले. शीर्षके वर्णानुक्रमे लावताना फक्त शीर्षकांचा रकाना हलतो आणि कोड जागच्या जागी राहतात, मग प्रत्येक अभंगाला भलत्याच अभंगाचा कोड जातो, असेही प्रकार त्यांच्याकडे दुरुस्तीसाठी आले आहेत.

कोणाला वेगळा कोड द्यायचा आणि कोणाला नाही, यावर त्यांनी खर्च केलेला वेळ ही माझ्या मते या सेवेची खरी कसोटी होती. अण्णांच्या कॅसेटमध्ये एक अभंग दोनदा आहे, एकदा १९८९ मध्ये आणि एकदा १९९३ मध्ये. चाल एकच, परंतु दुसऱ्या वेळी पखवाजाला दुसरे वादक आहेत आणि अण्णांचा आवाज थोडा खाली उतरला आहे. दोन्हीला स्वतंत्र कोड, यात वाद नव्हता. एक अभंग जवळजवळ दहा मिनिटांचा आहे. त्याचे साडेचार मिनिटांचे लहान रूप आम्ही वेगळे करून घेतले, त्याला वेगळा कोड लागला. माझ्या भाच्याने अण्णांच्या छायाचित्रांवरून एका अभंगाचा व्हिडिओ केला. आवाज तोच असला तरी व्हिडिओला स्वतःचा कोड असतो, तो आमचा सतरावा. मात्र शुद्ध न केलेला मूळ उतारा, म्हणजे कॅसेटवरून उतरवलेला आवाज, जो फक्त घरी जपून ठेवायचा आहे आणि प्रकाशित होणार नाही, त्याला त्यांनी कोड दिला नाही. नुसते फाइलचे स्वरूप बदलले, वेव्हची एमपी३ केली, तरी नवा कोड लागत नाही, हेही त्यांनी सांगितले.

एका ठिकाणी मात्र माझे आणि त्यांचे मत जुळेना. अभंगाच्या शेवटी गजर सुरू होतो आणि मधे श्वास घेण्याइतकीही जागा नाही. टाळांचा ठेका तसाच पुढे जातो. मला गजर वेगळा हवा होता. चालक म्हणाले की वेगळा कापला तर वेगळा कोड द्यावा लागेल आणि ऐकणाऱ्याला ॲपवर गजर एकटा, आगापिछा नसलेला मिळेल. वारकरी कधी गजर असा सुटा गातात का, तुम्हीच सांगा. आम्ही दोन्ही प्रकारे ऐकून पाहिले आणि मी त्यांचे ऐकले. अभंग आणि गजर एकच ट्रॅक राहिला, कोड एक.

कोडमधील वर्षाबद्दल मला मनापासून वाईट वाटले होते, हेही लिहिते. अण्णांचे मुद्रण १९८९ चे आणि कोडमध्ये २४ का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी फार समजून उत्तर दिले. "ताई, ते वर्ष गाण्याचं नाही, नंबर दिल्याचं आहे. गाण्याचं वर्ष आपण माहितीत लिहिणार आहोत, ते कुठे जात नाही." तसे त्यांनी लिहिलेही आहे. अण्णांनी पहिल्या कॅसेट भरल्या तेव्हा कोडचे मानक निघून दोन-तीन वर्षे झाली होती, परंतु चुंबकीय फितीवर असा कोड ठेवायला जागाच नव्हती. सीडीवर आवाजाच्या सोबत वाहणाऱ्या उपमाहितीत ती सोय होती आणि आता फाइलच्या माहितीतच कोड लिहिता येतो.

२०२१ च्या पाच अभंगांची गुंतागुंतही त्यांनीच सोडवली. त्यांचे मूळ कोड क्यूझेड या अक्षरांनी सुरू होतात, कारण वितरण सेवा अमेरिकेतील होती आणि ही अक्षरे तेथील नोंदणीसाठी राखलेली आहेत. आता मंडळाच्या नावावर स्वतंत्र नोंदणी झाली आहे, तर सर्व अभंगांना भारतातील नोंदणीच्या आयएन या अक्षरांनी सुरू होणारे कोड द्यावेत, म्हणजे सगळे आपले दिसेल, असा माझा आग्रह होता. चालकांनी तो मान्य केला नाही. "घर बदललं म्हणून माणसाची जन्मतारीख बदलते का?" असे ते म्हणाले. पहिली दोन अक्षरे गाणे कोणाचे किंवा कोणत्या देशाचे हे सांगत नाहीत. २०१९ मध्ये मानक सुधारले तेव्हापासून पहिली पाच चिन्हे एकत्रच धरली जातात. त्यांनी जुन्या मध्यस्थाच्या ईमेलमधून मूळ पाच कोड शोधून काढले, आयएफपीआयच्या सर्वांना खुल्या असलेल्या शोध-पानावर ते ताडून पाहिले आणि नव्या वितरण सेवेला अर्ज करताना तेच कोड दिले. कार्यक्रमातील मुद्रणाला, ज्याला चुकून स्टुडिओतील मुद्रणाचा कोड लागला होता, तेवढ्याला नवा दिला. तीन ॲपवर जुने आकडे परत जोडले गेले, एकावर गेले नाहीत. त्यांनी आधीच सांगितले होते की ते आपल्या हातात नाही, आणि खोटी आशा दाखवली नाही.

कोड मिळाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असे कोणी समजू नये, हेही त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते करवले त्याचा असतो. कोड ही फक्त ओळख आहे. म्हणून कोड देण्याआधी त्यांनी टेपरेकॉर्डर असलेल्या काकांच्या मुलाकडून, आणि साथीदारांपैकी जे हयात आहेत त्यांच्याकडून, संमतीची पत्रे मागितली. पखवाजवादक आता डोंबिवलीला राहतात आणि ऐंशीच्या पुढे आहेत. मी पत्र घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी मुद्रण ऐकवायला सांगितले, पूर्ण ऐकले, ठेका मांडीवर धरला आणि मग सही केली. त्यांचे नाव आता त्या कोडच्या ओळीत कायमचे आहे. अण्णांच्या चालींची नोंद ही वेगळी गोष्ट असून त्यासाठी गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे वारस म्हणून अर्ज करायचा आहे. ते काम स्टुडिओ करीत नाही, परंतु कोणती कागदपत्रे लागतील हे त्यांनी लिहून दिले.

आता उणिवांबद्दल. आषाढीपूर्वी काम पूर्ण होईल असे सांगितले होते, ते गणपती झाल्यावर हातात आले. दोन कॅसेटमधील स्पंज गळून पडला होता आणि एका कॅसेटवरील आवाज दबलेला येत होता, म्हणून टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन त्या कॅसेटपुरता पुन्हा जुळवावा लागला, हे कारण खरे आहे. परंतु उशीर होणार हे आम्हाला आधी कळवायला हवे होते. दुपारी फोन उचलला जात नाही. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे आमच्या मंडळातील वयस्कर सभासदांना वर येता आले नाही. सर्वांत गंभीर बाब म्हणजे मंडळाच्या सभासदांसाठी काढलेल्या पन्नास सीडींच्या पहिल्या गठ्ठ्यात कोड उतरलेच नव्हते, कारण त्या बाहेरच्या एका दुकानातून साध्या पद्धतीने प्रती काढून आणल्या होत्या. हे मीच घरी तपासून पाहिले तेव्हा लक्षात आले. त्यांनी वाद घातला नाही, सर्व पन्नास परत घेतल्या आणि आठवड्याभरात स्वतःच्या यंत्रावर नव्याने करून दिल्या. तरी इतक्या काळजीने वही ठेवणाऱ्यांकडून ही चूक व्हायला नको होती. वहीची दुसरी प्रत त्यांच्या घरी असते, पण तीही कागदावरच. सर्व मंडळांच्या नोंदी अशा एकाच कुटुंबाच्या दोन वह्यांवर असू नयेत असे मी त्यांना सांगितले आहे, आणि आमच्या सतरा ओळींची छापील प्रत मंडळाच्या दप्तरात लावून घेतली आहे.

कॅसेटच्या एका बाजूचा उतारा आणि शुद्धीकरण याचे त्यांनी आमच्याकडून ८०० रुपये घेतले. कोडच्या नोंदी, वाचन आणि फाइलमध्ये कोड भरणे याचे वेगळे पैसे लावले नाहीत. मंडळाच्या नोंदणीचे शुल्क आम्ही थेट भरले. ज्यांना एकदाच चार-पाच गाणी प्रकाशित करायची आहेत त्यांनी स्वतंत्र नोंदणीच्या मागे लागू नये, वितरण सेवेकडून मिळणारे कोड घ्यावेत आणि ते जपून ठेवावेत, असा सल्ला ते स्वतःच देतात. त्यात त्यांचे काम कमी होते, तरी देतात.

पेन ड्राइव्हवर मिळालेल्या प्रत्येक फाइलच्या नावाची सुरुवात कोडने होते आणि फाइलच्या माहितीतही तोच कोड आहे. मी घरच्या संगणकावर एकेक उघडून वहीच्या प्रतीशी ताडून पाहिले. सतराही बरोबर होते.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना. सकाळी अकराच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर जावे. वाहन नेऊ नये, स्टेशनवरून चालत जाणे सोपे पडते. कॅसेट कव्हरसकट न्याव्यात, कारण कव्हरवर हाताने लिहिलेल्या तारखा आणि नावे ते वहीत उतरवून घेतात. एका कॅसेटवर अण्णांनी पेन्सिलीने नुसते "कार्तिकी, पखवाज छान" एवढेच लिहिले आहे. मुलीने ते भिंगाखाली वाचले आणि त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात जसेच्या तसे लिहून घेतले.